बिडकीनच्या कंपन्या आणि आपल्या नोकऱ्या: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

टोयोटा बिडकीनला येणार ही बातमी आल्यापासून मला दिवसाआड कोणाचा तरी बायोडाटा येतो, खाली एकच ओळ, "दादा तेवढं लावून द्या". मी टोयोटात नाही, माझी तिथे ओळखही नाही. वाळूजला एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपनीला पार्ट बनवून देणारी) १९ वर्षं प्रॉडक्शनला काढली, त्यामुळे पोरांना पगाराची स्लिप, पीएफ, कॉन्ट्रॅक्टरची कागदं समजावून सांगतो एवढंच. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकलं.

१. नेमक्या कोणत्या कंपन्या येतायत आणि कुठे?

छत्रपती संभाजीनगरच्या ऑरिक या औद्योगिक शहरात. ऑरिकचे दोन भाग, शेंद्रा साधारण २ हजार एकर आणि बिडकीन साधारण ८ हजार एकर, दोन्ही दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरमधले. सध्या चर्चा बिडकीनची आहे, म्हणजे पैठण रोडने चितेगाव सोडून पुढे गेलं की. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ ला राज्य सरकारसोबत करार केला, जवळपास २० हजार कोटींचा, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी. त्याच सुमाराला जेएसडब्ल्यू ग्रीन मोबिलिटीच्या २७ हजार २०० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. एथर एनर्जी इथे स्कूटर आणि बॅटरी पॅक बनवणार, २ हजार कोटी. लुब्रिझॉल पण आहे, पण ते केमिकलवाले, तिथे लागणारी माणसं वेगळी.

२. करार झाला म्हणजे कंपनी आलीच ना?

नाही. हा करार म्हणजे एमओयू, सामंजस्य करार, आणि एमओयू म्हणजे साखरपुडा पण नाही, बघायचा कार्यक्रम झालाय आणि पोहे आवडलेत एवढंच समजा. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना आठवतो का? तळेगावला येणार येणार म्हणून चर्चा, सप्टेंबर २०२२ मध्ये करार गुजरातसोबत झाला, आपल्याकडे त्यावर महिनाभर भांडणं झाली, आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतूनच बाहेर पडली. म्हणजे ज्याच्यावरून भांडलो ते तिकडेही झालं नाही.

करारानंतर बघायच्या गोष्टी अशा, जमिनीचं वाटप झालं का, पैसे भरले का, पर्यावरणाची परवानगी आली का, आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे साइटवर पायलिंगची (पायाचे खांब घालणारी) मशीन उभी आहे का. नुसतं कंपाउंड आणि बोर्ड बघून खुश होऊ नका, आपल्याकडे बोर्ड लावून दहा दहा वर्षं पडलेले प्लॉट कमी नाहीत.

३. "१६ हजार रोजगार" म्हणजे टोयोटाच्या गेटमधून १६ हजार लोक आत जाणार का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो. तो आकडा ८ हजार थेट आणि ८ हजार अप्रत्यक्ष असा मिळून आहे. थेट म्हणजे कंपनीच्या आवारात काम करणारे, पण त्यातही सगळे कंपनीच्या पेरोलवर असतील असं अजिबात नाही (त्याचं प्रश्न ९ मध्ये). अप्रत्यक्ष म्हणजे सीट, वायरिंग हार्नेस, डाय कास्टिंग, प्लास्टिकचे पार्ट बनवणारे व्हेंडर, ट्रान्सपोर्ट, गोडाउन, कँटीन, सिक्युरिटी, हाउसकीपिंग.

आणि हा अप्रत्यक्षवाला आकडा हलका समजू नका. बजाज १९८५ मध्ये वाळूजला आली, पण वाळूज आज जे आहे ते एकट्या बजाजमुळे नाही. तिच्यामागे जी व्हेंडरची रांग लागली त्यामुळे आहे. एन्ड्युरन्स, वॅरॉक या कंपन्या बजाजला माल देत देत एवढ्या मोठ्या झाल्या की आज त्यांचे प्लांट परदेशात आहेत. माझ्या बॅचच्या आयटीआयच्या पोरांपैकी बजाजमध्ये पर्मनंट लागलेले दोन, बाकी आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या व्हेंडरकडे चिकटलो आणि त्यावरच घरं झाली, लग्नं झाली, लेकरं इंग्लिश स्कूलला गेली. त्यामुळे मी प्रत्येकाला सांगतो की टोयोटाच्या गेटकडे बघत बसू नका, तिच्यामागून शेंद्रा, चितेगाव, वाळूजला कोण शेड घेतंय ते बघा.

४. २० हजार कोटी टाकून फक्त ८ हजार नोकऱ्या? हे कमी नाही का वाटत?

गणित करून बघा. टोयोटा, एका थेट नोकरीमागे अडीच कोटी. जेएसडब्ल्यूने ५ हजार २०० थेट रोजगार सांगितलेत, म्हणजे एका नोकरीमागे सव्वापाच कोटी. एथरचा आकडा साधारण ४ हजार लोकांचा आहे, म्हणजे एका नोकरीमागे ५० लाख. गुंतवणूक सगळ्यात कमी पण रुपयामागे माणसं सगळ्यात जास्त, कारण स्कूटरच्या असेंब्लीला हात लागतात आणि कारच्या वेल्ड शॉपला रोबोट. बातमीत मात्र कोटींचा आकडा मोठ्या टाइपात असतो, नोकऱ्यांचा बारीक. मी आधी नोकऱ्यांचा आकडा बघतो.

एक अजून, सरकारच्या सवलतीच्या योजनेत मेगा प्रोजेक्ट ठरवताना गुंतवणूक किंवा रोजगार यातला एक निकष बसला तरी चालतो. म्हणजे मशीन भरपूर आणि माणसं कमी असली तरी सवलत मिळतेच.

५. मग भरती कधी चालू होणार?

टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी माणसं लागतात. आधी जमीन सपाट करणं, पाया, शेड, इथे बिगारी, वेल्डर, क्रेन ऑपरेटर, आणि ही माणसं बांधकाम ठेकेदाराची असतात, बरीचशी बाहेरच्या राज्यातून टोळीने येतात आणि काम संपलं की जातात. मग मशीन येतात, तेव्हा इलेक्ट्रिशियन, फिटर, पाइपलाइनवाले. मग कंपनी थोडे इंजिनियर आणि सुपरवायझर घेते, त्यांना ट्रेनिंगला जुन्या प्लांटला पाठवते. मग ट्रायल, मग एक शिफ्ट. तुमची आमची ऑपरेटरची मोठी भरती होते ती पहिली शिफ्ट चालू व्हायच्या थोडं आधी, आणि दुसरी शिफ्ट लागते तेव्हा पुन्हा.

टोयोटाचंच उदाहरण घ्या, बंगळुरूजवळ बिडदीला कंपनी १९९७ मध्ये स्थापन झाली आणि पहिली क्वालिस १९९९ च्या शेवटी बाहेर पडली. त्यामुळे आज ज्याची बारावी झालीय त्याच्याकडे आयटीआय किंवा डिप्लोमा करायला वेळ आहे, आणि ज्याला पुढच्या महिन्यात पगार पाहिजे त्याने आहे ती नोकरी सोडायची नाही. गेल्या वर्षी एक जण "आता टोयोटाच" म्हणून चांगली चालू नोकरी सोडून आला होता, सध्या दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे.

६. ८० टक्के स्थानिक भरायचा नियम आहे ना? मग आमचा नंबर पक्का?

नियम आहे, पण नीट वाचा. सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगाने एकूण माणसांत ८० टक्के आणि सुपरवायझर वर्गात ५० टक्के स्थानिक ठेवायचे अशी अट आहे. पण इथे स्थानिक म्हणजे महाराष्ट्रातला, १५ वर्षांचा रहिवास असलेला, डोमिसाइल दाखवू शकणारा. बिडकीनचा नाही. नियमाच्या दृष्टीने कोल्हापूरचा पोरगा आणि निलजगावचा पोरगा सारखेच. आणि उलटंही आहे, बिहारमधून आलेल्या माणसाचा इथेच वाढलेला मुलगा, डोमिसाइल असेल तर तो पण स्थानिकच.

डोमिसाइल काढून ठेवलं का? दहातल्या सहा पोरांकडे नसतं. भरतीच्या आठवड्यात तहसीलला रांग लावायची आणि सर्व्हर डाउन म्हणून शिव्या घालायच्या, हे दरवेळचं आहे.

७. आमची जमीन प्रकल्पात गेली, घरटी एक नोकरी मिळते का?

कायद्याने हमी नाही. प्रकल्पग्रस्त दाखल्यावर ५ टक्के समांतर आरक्षण आहे ते सरकारी नोकरीत, खासगी कंपनीत नाही. एमआयडीसीच्या प्लॉटच्या करारात मात्र ज्यांची जमीन गेली त्यांना भरतीत पहिलं प्राधान्य द्या असं कलम असतं. प्राधान्य म्हणजे पात्रता बसत असेल तर आधी तुम्हाला विचारा, तेवढंच, आणि ते पण कोणी पाठपुरावा केला तर. म्हणून एकेकट्याने गेटवर जाण्यापेक्षा गावातल्या सगळ्या पोरांची शिक्षणासकट यादी करून ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर द्या, एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक ऑरिकच्या ऑफिसात, पोच घ्यायची.

शेंद्रा-बिडकीनला एकरी २३ लाख मिळाले तेव्हा गावात नव्या स्कॉर्पिओ किती आल्या ते सगळ्यांनी बघितलंय. ज्यांनी त्यातले दोन लाख पोराच्या डिप्लोमाला लावले ते आज माझ्याकडे वशिल्याला येत नाहीत. जाऊ द्या.

८. आयटीआयला कोणता ट्रेड घेऊ?

इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, मेकॅट्रॉनिक्स, वेल्डर. फिटर सदाबहार आहे. डिझेल मेकॅनिकबद्दल मी जरा हात आखडता घेईन, इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, क्लच नाही, ऑइल बदलायचं नाही. हायब्रिडमध्ये इंजिन असतंच, त्यामुळे मशीन शॉप लगेच मरत नाहीये, सीएनसी-व्हीएमसीवाल्यांनी घाबरू नये. पण मशीन नुसतं चालवणाऱ्यापेक्षा बंद पडल्यावर चालू करणारा माणूस नेहमी महाग असतो. आमच्या लाइनला रात्री तीनला कन्व्हेयर थांबला की सगळे मेंटेनन्सच्या एका पोराकडे बघायचे, तो सेन्सरवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसायचा आणि लाइन चालू. ती बाही कुठे फिरवायची हे माहीत असण्याचे पैसे मिळतात.

९. अप्रेंटिस, ट्रेनी, कॉन्ट्रॅक्ट, फिक्स्ड टर्म, पर्मनंट, यात फरक काय?

अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ. स्टायपेंड मिळतो, पगार नाही, पीएफ कापत नाहीत, आणि मुदत संपल्यावर घ्यायचंच असं कंपनीवर बंधन नाही. पण सर्टिफिकेट कामाचं असतं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के. म्हणून ही जागा जवळपास प्रत्येक कंपनीत निघते आणि नवख्यासाठी सगळ्यात सरळ दरवाजा हाच.

कंपनी ट्रेनी हा शब्द जरा निसरडा आहे. पत्रावर लिहिलंय ट्रेनी, काम मात्र पूर्ण ऑपरेटरचं, टार्गेट पण तेच. पत्र कोणत्या योजनेखाली आहे, पीएफ आहे का, ते विचारा.

कॉन्ट्रॅक्ट म्हणजे तुमचा मालक ठेकेदार, कंपनी नाही. युनिफॉर्म कंपनीचा असला तरी स्लिपवर नाव कोणाचं आहे ते बघा. ठेकेदार बदलला की नोकरी नवी, सिनियॉरिटी शून्य. फक्त पीएफचा यूएएन नंबर तोच राहतो, तो पाठ करा. ठेकेदाराने नवीन यूएएन काढायचा प्रयत्न केला तर नाही म्हणा.

फिक्स्ड टर्म म्हणजे कंपनीच्याच पेरोलवर पण ठरलेल्या मुदतीसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत, त्यात फिक्स्ड टर्मवाल्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, आधी पाच वर्षं लागायची. आणि प्रत्येक कामगाराला अपॉइंटमेंट लेटर द्यायलाच पाहिजे. लेटर मागितलं म्हणून कोणी डोळे वटारले तर समजून घ्या कुठे आलोय ते.

पर्मनंट म्हणजे काय ते घरचे सांगतातच. नव्या प्लांटमध्ये त्याचं प्रमाण सुरुवातीला कमीच असतं.

१०. २४० दिवस भरले की पर्मनंट करावंच लागतं असं ऐकलंय, खरंय का?

अर्धं खरं. महाराष्ट्राच्या जुन्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये (कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम) ४-सी म्हणून कलम आहे, त्यात बारा महिन्यांत सलग २४० दिवस भरलेल्या बदली किंवा टेम्पररी कामगाराला कायम करा असं होतं. म्हणूनच तर सात महिने झाले की "ब्रेक" देतात, चार-आठ दिवस घरी बसवतात आणि परत नवीन लेटर. अप्रेंटिसला ते लागू नव्हतं, आणि ठेकेदाराच्या माणसाला कंपनीवर थेट दावा सांगता येत नव्हता. आता नव्या कोडमध्ये स्टँडिंग ऑर्डर ३०० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणीच सक्तीच्या आहेत, त्यामुळे छोट्या व्हेंडरकडे या कलमाच्या भरवशावर बसू नका.

२४० दिवसांचा दुसरा उपयोग आहे जो कोणी सांगत नाही. वर्षाची सलग सेवा झाली असं धरलं जातं आणि कामगार कपातीत काढून टाकलं तर नोटीस आणि वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई मागता येते. हजेरी कार्डाचे फोटो काढून ठेवा, दर महिन्याला.

११. १८ हजार सांगितले, हातात किती येतील?

आधी विचारा की १८ हजार ग्रॉस (कापाकापीआधीचा पगार) का सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च), सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा पण धरलेला असतो. समजा ग्रॉस १८ हजार आणि त्यात बेसिक-डीए १५ हजार. पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, ईएसआयसी (कामगार विमा) पाऊण टक्का म्हणजे १३५, प्रोफेशन टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). राहिले १५,८६५. त्यातून कँटीन, बस. मुलींना २५ हजारांपर्यंत प्रोफेशन टॅक्स नाही, तरी कापलेला दिसला तर बोला, चुकून कापतात. ईएसआयसी २१ हजारांपर्यंतच्या पगाराला आहे, कार्ड काढून घरच्यांची नावं टाका, अॅक्सिडेंट झाल्यावर पळापळ करू नका.

१२. पहिल्या नोकरीला सरकार १५ हजार देतं ते काय आहे?

प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मध्ये लागलेल्या नोकरीला. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्याला एका महिन्याच्या पीएफ पगाराएवढे, जास्तीत जास्त १५ हजार, दोन हप्त्यांत, पहिला सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी, आणि दुसऱ्याच्या आधी मोबाइलवर एक छोटा आर्थिक साक्षरतेचा कोर्स करायचा. पगार महिना एक लाखापर्यंत पाहिजे.

गोम अशी की त्याआधी कुठल्या ठेकेदाराने दोन महिने जरी पीएफ भरला असेल तरी तुम्ही पहिल्यांदा आलेले धरले जात नाही. अप्रेंटिस असताना पीएफ नव्हता (प्रश्न ९), त्यामुळे तो काळ आड येत नाही. कंपनीला पण माणसामागे महिन्याला ३ हजारांपर्यंत मिळतात, मॅन्युफॅक्चरिंगला चार वर्षं, अट एवढीच की माणसं खरंच वाढली पाहिजेत आणि सहा महिने टिकली पाहिजेत.

१३. मुलींना घेतील का?

घेतात, आणि स्कूटर, बॅटरी, वायरिंग हार्नेसच्या लाइनला तर मागून घेतात. नाइट शिफ्टला तुमची संमती आणि कंपनीकडून ने-आण, सुरक्षा हे दोन्ही पाहिजे. घरचे अडवतात ते बहुतेक बसच्या स्टॉपवरून, म्हणून इंटरव्ह्यूलाच विचारा की बस गावात येते का हायवेवर सोडते. पैठण रोडला रात्री साडेअकराला हायवेवर उतरणं म्हणजे काय ते तिकडच्यांना सांगायला नको.

१४. एक जण ३५ हजारांत टोयोटात लावून देतो म्हणतोय, देऊ का?

नका देऊ. आमच्या गल्लीतल्या पोराने एका कन्सल्टन्सीवाल्याला दिले होते, अगदी ऑफर लेटर आलं, लोगो ताणून लांबट झालेला, मेल आयडी फुकटवाला आणि जॉइनिंगची तारीख रविवार. मी ते बघून कपाळावर हात मारला. डबा घेऊन गेला बिचारा, गेटच नव्हतं तिथे, नुसती पत्र्याची कुंपणं आणि जेसीबी. मोठी कंपनी डिपॉझिट, युनिफॉर्म, मेडिकल कशाचेही पैसे घेत नाही. दिले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, लगेच केला तर पैसे अडवता येतात कधी कधी.

१५. मी ३८ वर्षांचा, वाळूजला १५ वर्षं झाली, मला काही चान्स?

ऑपरेटर म्हणून मोठी कंपनी १८ ते २५ ची पोरं बघते, कटू आहे पण असंच आहे. तुमचा चान्स नवीन येणाऱ्या व्हेंडरकडे, लाइन लीडर, क्वालिटी, टूल रूम, डिस्पॅच. त्यांना पहिल्या सहा महिन्यांत लाइन बसवून देणारा माणूस पाहिजे असतो आणि तो आयटीआयच्या पोराला जमत नाही. बायोडाट्यात "१५ वर्षांचा अनुभव" एवढंच लिहू नका, कोणत्या टनेजच्या प्रेसवर काम केलं, रिजेक्शन किती होतं ते किती केलं, ते लिहा.

१६. उद्या कंपनी बंद करून निघून गेली तर?

होतं असं. जनरल मोटर्सचा तळेगावचा प्लांट २००८ मध्ये सुरू झाला, डिसेंबर २०२० मध्ये प्रॉडक्शन थांबलं, हजारावर कामगार अडकले, प्रकरण कोर्टात गेलं. ह्युंदाईने तो प्लांट घ्यायचा करार ऑगस्ट २०२३ मध्ये केला. मधली पावणेतीन वर्षं ज्यांचे हप्ते चालू होते त्यांना विचारा. आपल्याकडे चितेगावला व्हिडिओकॉनचं काय झालं ते तर डोळ्यासमोर आहे. म्हणून नोकरी लागल्या लागल्या बजाजनगरला टू बीएचके बुक करणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, हप्ता एकट्या बेसिकमध्ये बसला पाहिजे, ओटी (ओव्हरटाइम) धरून नाही. ओटी पहिली जाते.

१७. नोकरी नको, धंदा करायचाय. मेस, गाडी, रूम, काय चालेल?

मेस सगळ्यात आधी चालते, बांधकामाच्या टप्प्यातच (प्रश्न ५), पण उधारी ठेकेदाराच्या नावावर लिहू नका, माणसागणिक आठवड्याचे रोख घ्या. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) काढा, कंपनीला माल किंवा सर्व्हिस दिली तर ४५ दिवसांत पैसे मागायचा हक्क त्याच्यामुळे मिळतो. बस हप्त्यावर घेऊन कंपनीला लावू हा विचार सोडा, ते काम तीस-चाळीस गाड्यांच्या ट्रान्सपोर्टरला जातं, तुम्ही त्याच्या हाताखाली लावाल आणि डिझेल तुमच्या अंगावर येईल. रूमचं म्हणाल तर वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीला दहा बाय दहाच्या खोल्यांवर लोकांची म्हातारपणं निघालीत, बिडकीनलाही निघतील, पण बोअरला पाणी किती महिने टिकतं ते मे महिन्यात जाऊन बघा मगच पाया खणा, टँकरचं पाणी आणून भाडेकरू टिकत नाही.